सरकार बदलले, काटा तोच



अमरावती आणि अकोला जिल्ह्यांतल्या बैठकांत एकच प्रश्न वेगवेगळ्या तोंडांनी विचारला जातो. दर्यापूरच्या खारपाणपट्ट्यात विचारला जातो, अचलपूरच्या संत्रापट्ट्यात विचारला जातो, अकोट-तेल्हाऱ्यात आणि बार्शीटाकळीतही विचारला जातो. "यायले निवडून देऊन आपल्याले काय भेटलं?"

प्रश्न बरोबर आहे. पण त्याचे उत्तर शिव्यांनी देता येत नाही. पारावरची कुरकुर आणि चळवळ यांत फरक असतो तो हिशेबाचा. कुरकुर करणारा पुढच्या निवडणुकीत दुसऱ्या झेंड्यामागे जातो आणि पाच वर्षांनी पुन्हा त्याच पारावर येऊन बसतो. म्हणून या अंकात आम्ही हिशेब मांडत आहोत. बैठकीत तो मोठ्याने वाचावा, चूक असेल तिथे अडवावे, आणि बरोबर असेल तर गावात सांगावा.

पहिला बदल : १९९५

काँग्रेसच्या राज्याला कंटाळून महाराष्ट्राने १९९५ च्या मार्चमध्ये शिवसेना-भाजप युतीला सत्ता दिली. धर्म, संस्कृती आणि शिवशाही ही त्यांची भाषा. शिवछत्रपतींनी चिपळूणच्या लष्कराला रयतेला उपद्रव देऊ नका अशी ताकीद लिहिली होती, हे शाळेतल्या पोरालाही ठाऊक आहे. शिवशाही येणार म्हटल्यावर कास्तकाराला वाटले, आता आपल्या कापसाच्या बोंडाला हात लावताना सरकार दहादा विचार करील.

साडेचार वर्षांत काय झाले? मुंबईत पंचावन्न उड्डाणपुलांचा कार्यक्रम निघाला. मुंबई-पुणे द्रुतगती मार्गाचे काम सुरू झाले. चाळीस लाख झोपडपट्टीवासीयांना फुकट घरांची घोषणा झाली. आणि एक रुपयात झुणका-भाकर आली. झुणका हरभऱ्याचा, भाकर ज्वारीची. हरभरा आणि ज्वारी पिकवणारा कोण? वऱ्हाडचा आणि मराठवाड्याचा कास्तकार. शहरातल्या गरिबाच्या पोटात स्वस्त भाकर जाऊ नये असे आम्ही कधीच म्हटले नाही. आमचे म्हणणे एवढेच की जे सरकार भाकर एक रुपयाची ठरवते, त्या सरकारला ज्वारीचा भाव वाढलेला परवडत नाही. स्वस्ताईची जाहिरात सरकारची आणि स्वस्ताईचा भार आमच्या खळ्यावर, हा व्यवहार काँग्रेसच्या काळापासून चालत आला होता. युतीने फक्त पाटी रंगवली.

कापूस एकाधिकार खरेदी योजना १९७२ साली सुरू झाली होती. आपला कापूस आपल्या मर्जीने विकण्याचा हक्क तिने काढून घेतला. संकलन केंद्रावर रात्र-रात्र गाड्या उभ्या राहायच्या, ग्रेडरच्या बोटाच्या चिमटीवर आमची वर्षाची कमाई ठरायची, आणि चुकाऱ्यासाठी महिनोन् महिने थांबावे लागायचे. सोबतीला सीमेवर पोलीस. शेजारच्या राज्यात चार पैसे जास्त मिळतात म्हणून आपलाच कापूस नेणारा आपल्याच राज्यात चोर ठरायचा. शिवशाहीतही हा एकाधिकार कायद्याने चालूच राहिला. खासगी खरेदीला मोकळीक मिळाली ती २००२ साली, युतीचे राज्य जाऊन तीन वर्षे उलटल्यावर.

एक काम मात्र त्या सरकारने तत्परतेने केले. १९९५ साली गोवंश हत्याबंदीचे विधेयक विधिमंडळात मंजूर केले. ते वीस वर्षे दिल्लीत पडून राहिले आणि २०१५ च्या मार्चमध्ये राष्ट्रपतींच्या मंजुरीने लागू झाले. त्यापूर्वी कामाला निरुपयोगी झालेला बैल विकता येत असे. त्या पैशात भर घालून कास्तकार नवी जोडी आणायचा. म्हातारा बैल ही त्याची बँकेतली ठेव होती. कायद्याने ती ठेव एका रात्रीत शून्य केली. बैल विकत घेणारा उरला नाही, कडबा-ढेप मात्र मालकाच्या माथी राहिली. गाईची पूजा करणाऱ्यांपैकी कितीजण एक भाकड जनावर तरी स्वतःच्या दारी बांधून दाखवतात?

दुसरा बदल : २०१४

२० मार्च २०१४ रोजी यवतमाळ जिल्ह्यातल्या दाभडी गावात पंतप्रधानपदाचे उमेदवार नरेंद्र मोदी आले. चहावर चर्चा झाली. उत्पादनखर्च अधिक पन्नास टक्के नफा, असा भाव देण्याचे आश्वासन त्या प्रचारात दिले गेले. वऱ्हाडाने मतांची रास ओतली.

अकरा महिन्यांनी, २०१५ च्या फेब्रुवारीत, त्याच सरकारने सर्वोच्च न्यायालयात प्रतिज्ञापत्र दिले की खर्चावर पन्नास टक्के वाढवून भाव देणे शक्य नाही, त्याने बाजार बिघडेल. दाभडीत जे शक्य होते ते दिल्लीत अशक्य झाले.

पुढे २०१८ च्या अर्थसंकल्पात सरकारने पुन्हा जाहीर केले की दीडपट भाव दिला. आता ही जादू समजून घ्या. खर्च मोजण्याच्या दोन रीती आहेत. एका रीतीत बियाणे, खत, औषध, मजुरी असा रोख खर्च आणि घरच्या माणसांची मजुरी धरतात. दुसऱ्या रीतीत त्यावर स्वतःच्या जमिनीचा खंड आणि गुंतवलेल्या भांडवलाचे व्याजही धरतात. कारखानदार आपल्या मालाचा खर्च काढताना जागेचे भाडे आणि व्याज सोडतो काय? सरकारने आमच्यासाठी पहिली, अपुरी रीत निवडली, तिला दीडने गुणले आणि वचन पाळले म्हणून टाळ्या घेतल्या. २०२४-२५ साली कापसाचा खर्च क्विंटलला ४,७४७ रुपये धरला आणि मध्यम धाग्याचा हमीभाव ७,१२१ केला. सोयाबीनचा खर्च ३,२६१ धरला आणि भाव ४,८९२ केला. शिवाय हा खर्च साऱ्या देशाचा सरासरी. गुजरातच्या ओलिताच्या कापसाची आणि आमच्या कोरडवाहू पऱ्हाटीची एकाच पोत्यात सरमिसळ.

आता आपल्या एका एकराचा नमुन्याचा हिशेब करू. नांगरणी, वखरणी, सरी पाडणे मिळून ४,००० रुपये. बियाण्याच्या दोन थैल्या १,८००. खत ४,५००. फवारणी ४,०००. निंदण आणि डवरणी ५,०००. सहा क्विंटल कापसाची वेचणी, किलोला दहा रुपयांप्रमाणे ६,०००. वाहतूक-हमाली १,०००. बेरीज २६,३००. घरच्या माणसांची मजुरी ६,००० आणि जमिनीचा मक्ता १२,००० धरा. एकूण ४४,३००. म्हणजे क्विंटलला ७,३८३ रुपये. भांडवलाचे व्याज, रोही आणि डुकरांनी केलेले नुकसान, अवकाळी पाऊस यांचा एक पैसाही यात नाही. यावर पन्नास टक्के धरले तर भाव अकरा हजारांवर जातो. २०२५-२६ साली लांब धाग्याचा हमीभाव होता ८,११०, आणि दिवाळीनंतर खेडा खरेदीत व्यापारी सात हजारांच्या आसपास बोलत होता. आपापल्या शेताचे आकडे घालून हा हिशेब पुन्हा करा. कुणाचा नफा निघाला तर पुढच्या बैठकीत उभे राहून सांगावे.

भाव पडत नाही, पाडला जातो

कुणी म्हणेल, बाजारापुढे सरकार काय करणार? बाजाराला आम्ही कधीच घाबरलो नाही. आमची तक्रार अशी आहे की भाव चढतो तेव्हा सरकार बाजारात उतरते, आणि भाव पडतो तेव्हा सरकार बाजारावर विश्वास ठेवते.

५ मार्च २०१२ रोजी काँग्रेस आघाडीच्या केंद्र सरकारने कापसाची निर्यात बंद केली. २०२२ च्या आरंभी कापूस दहा हजारांच्या वर गेला, तर एप्रिलमध्ये भाजपच्या केंद्र सरकारने आयातशुल्क शून्य केले. २०२५ च्या ऑगस्टमध्ये, आमची बोंडे फुटायच्या तोंडावर, पुन्हा ११ टक्के शुल्क माफ झाले. आधी सप्टेंबरपर्यंत, मग डिसेंबरअखेरपर्यंत. म्हणजे कास्तकाराचा सारा कापूस घरातून बाजारात जाईपर्यंत. मे २०२५ मध्ये कच्च्या खाद्यतेलाचे मूळ आयातशुल्क २० वरून १० टक्के केले. तेलाचा डबा शहरात किती उतरला ते शहराने सांगावे. सोयाबीन हमीभावाच्या खाली गेले, हे आम्ही पाहिले.

हमीभावाची खरेदी आहेच, असे सांगतात. कापूस महामंडळाच्या खरेदीत बारा टक्क्यांहून जास्त ओलावा चालत नाही. २०२५ चा पाऊस ऑक्टोबरपर्यंत अंगावर होता. शिवाय 'कपास किसान' नावाच्या अॅपवर नोंदणी हवी. ज्याच्याकडे मोठा फोन नाही, रेंज नाही, त्याने खेडा खरेदीवाल्याच्या काट्यावर जावे. तो गेलाही.

आर्थिक सहकार आणि विकास संघटना आणि दिल्लीची इक्रियर संस्था यांनी २०१८ साली हिशेब प्रसिद्ध केला. २००० ते २०१६ या काळात भारतातल्या शेतीला मिळालेला एकूण आधार, सबसिड्या धरूनही, सरासरी उणे १४ टक्के निघाला. ज्या उणे सबसिडीबद्दल शरद जोशी आयुष्यभर बोलले आणि ज्यावर शहाणी माणसे हसत होती, ती उणे सबसिडी आता जगाच्या कागदावर आहे. त्या काळात दिल्लीत दोन्ही रंगांची सरकारे होऊन गेली.

दान आणि दाम

लुटीवर पांघरूण घालायला दान लागते. वर्षाला सहा हजार केंद्राचे, सहा हजार राज्याचे, बारा हजार रुपये खात्यात येतात आणि त्यांचे फलक चौकाचौकांत लागतात. २०२४ च्या हंगामात सोयाबीनचा हमीभाव ४,८९२ होता आणि बाजारात ४,१०० च्या आसपास विकावे लागले. क्विंटलमागे सुमारे आठशे रुपये गेले. तीन एकरांत पंधरा क्विंटल पिकवणाऱ्याचे बारा हजार गेले. उजव्या हाताने जेवढे काढले तेवढेच डाव्या हाताने परत केले, आणि वरून उपकार.

२०१७ च्या जूनमध्ये शेतकरी संपावर गेला तेव्हा ३४,०२२ कोटींच्या कर्जमाफीची घोषणा झाली. नवराबायकोने अंगठे देण्यासाठी संगणक केंद्रापुढे दिवस-दिवस रांगा लावल्या. दीड लाखाची मर्यादा, वर उरलेले आधी भरा, मग माफी. दोनच वर्षांनी, २०१९ च्या सप्टेंबरात, कंपन्यांवरचा कर ३० वरून २२ टक्क्यांवर आणला गेला. त्यात सरकारने वर्षाला १ लाख ४५ हजार कोटींचे उत्पन्न सोडल्याचे स्वतःच सांगितले. आमच्या एकदाच्या कर्जमाफीच्या हे चौपटीहून जास्त. त्यांना ना अंगठा द्यावा लागला, ना रांग लावावी लागली. त्यांना मिळते ते प्रोत्साहन आणि आम्हाला मिळते ती खैरात!

सरकारी नोकराचा किमान पगार १९९६ च्या वेतन आयोगाने २,५५० केला, २०१६ च्या आयोगाने १८,०००. सातपट. त्याच वीस वर्षांत लांब धाग्याच्या कापसाचा हमीभाव चौदाशेच्या आतून ४,१६० वर आला. तिप्पट. शिपायाच्या पोराने चांगले खावे, शिकावे, याचा आम्हाला आनंदच आहे. महागाई त्याला मोजून मिळते, मग आम्हाला का नाही, एवढाच सवाल. आणि आत्महत्या केलेल्या कास्तकाराच्या घरी द्यायची एक लाखाची मदत २००६ साली ठरली, ती २०२५ सालीही एक लाखच होती, तीही 'पात्र' ठरला तर. मेल्यावरही माणसाला फॉर्म भरावा लागतो!

चंगळ कुणाची?

२०२५ च्या एप्रिलमध्ये राज्याचे तेव्हाचे कृषिमंत्री माणिकराव कोकाटे म्हणाले की कर्जमाफीचा पैसा शेतकरी साखरपुड्यात आणि लग्नात उडवतात. नंतर त्यांनी दिलगिरी व्यक्त केली. पण हा विचार एका मंत्र्याचा नाही, तो शहरातल्या प्रत्येक दिवाणखान्यात आहे. म्हणून त्याचे उत्तर देणे भाग आहे.

लग्नात पैसा उडतो, हे खरे. मंगल कार्यालय, डीजे, बुफेची ताटे, वरपक्षाला गाडी, सारे गावात आले आहे. पण ते आले कुठून? पोरगी कास्तकाराला द्यायची नाही, नोकरीवाल्यालाच द्यायची, असे कास्तकारच म्हणू लागला. का? कारण शेतीत राम नाही, हे त्याने स्वतःच्या हिशेबाने ओळखले. मग नोकरीवाल्याचा भाव चढला. कापसाला हमीभाव नाही, नवरदेवाला मात्र आहे! हुंड्यासाठी बाप दोन एकर विकतो किंवा सावकाराकडे जातो. तीस-पस्तिशीची शेतकरी पोरे बिनलग्नाची गावात बसून आहेत. ज्याच्या घामाला किंमत उरली नाही, तो आपली किंमत गाडीने, मांडवाने आणि मोबाईलने दाखवू पाहतो. ही चंगळ सुबत्तेतून आलेली नाही, ती अपमानातून आलेली आहे.

पूर्वी क्विंटलभर कापसात तोळाभर सोने यायचे, असे आपले म्हातारे सांगतात. २०२५ साली तोळा एक लाखाच्या वर गेला. हमीभावाने बारा क्विंटलांहून जास्त कापूस घालावा तेव्हा एक तोळा. पोरीच्या अंगावर तोळाभर घालणारा बाप आज उधळ्या नव्हे, दोन एकरांचे पीक गमावलेला माणूस आहे.

तरीही आम्ही या उधळपट्टीची वकिली करणार नाही. ही भूमी गाडगेबाबांची आहे. कर्ज काढून लग्न-तेरवी करू नका, भांडी मोडा पण पोरांना शिकवा, हे त्यांनी झाडू हातात घेऊन गावोगाव सांगितले. फरक लक्षात घ्या. बाबा हे सांगत तेव्हा ते लुबाडलेल्यांच्या बाजूने उभे राहून सांगत. मंत्री सांगतात तेव्हा ते भाव नाकारण्यासाठी सांगतात. ज्यांच्या घरची लग्ने शेकडो गाड्यांच्या ताफ्यांनी लागतात, त्यांनी आमच्या मांडवातली पंगत मोजू नये.

विलायतेकडे एक नजर

वऱ्हाड १८५३ साली इंग्रजांच्या ताब्यात गेले. अमेरिकेतल्या यादवीने १८६१ ते १८६५ या काळात मँचेस्टरचा कापूस तुटला, तेव्हा त्यांची नजर इथल्या काळ्या मातीवर खिळली. त्या विलायतेत २०१० पासून चौदा वर्षे हुजूर पक्षाचे राज्य होते. देश, परंपरा, काटकसर अशी भाषा, आणि दुसरीकडे फुकट अन्नवाटपाच्या केंद्रांपुढे कामकरी माणसांच्या रांगा. जुलै २०२४ मध्ये लोकांनी त्या पक्षाला १२१ जागांवर आणून बसवले. मजूर पक्ष आला. चार महिन्यांत, त्याच नोव्हेंबरात, वारसाकराच्या विरोधात तिथले शेतकरी लंडनमध्ये संसदेजवळ उतरले. मालक बदलून धोरण बदलत नाही, हे लंडनच्या रस्त्यावरही तेवढेच खरे आहे जेवढे अमरावतीच्या इर्विन चौकात.

मग करायचे काय?

नोव्हेंबर २०२४ च्या विधानसभेपूर्वी महायुतीने कर्जमाफीचे वचन दिले. २८ मार्च २०२५ ला उपमुख्यमंत्री अजित पवारांनी सांगितले की ३१ तारखेपर्यंत कर्ज भरून टाका. जूनमध्ये गुरुकुंज मोझरीत उपोषण झाले, ऑक्टोबरात नागपूरच्या रस्त्यांवर ट्रॅक्टर उभे राहिले, तेव्हा कुठे ३० जून २०२६ पर्यंत निर्णय घेऊ, अशी तारीख मिळाली. शिकण्यासारखे यात एवढेच आहे की वचन मतपेटीतून मिळते, तारीख मात्र रस्त्यावरून मिळवावी लागते.

या बैठकीसमोर पाच कामे ठेवत आहोत.

एक. प्रत्येक गावात पाच कास्तकारांनी पेरणीपासून विक्रीपर्यंत एका एकराची खर्चवही लिहावी. कोरडवाहू दोन, ओलिताचे एक, खारपाणपट्ट्यातले असेल तर ते वेगळे. मार्चमध्ये या वह्या तहसीलदारापुढे ठेवू आणि पोच घेऊ. सरासरीच्या आकड्याला आपल्या शेताच्या आकड्याने उत्तर द्यायचे.

दोन. ऑक्टोबर ते मार्च या काळात कापूस, सोयाबीन, तूर यांच्या आयातशुल्कात कपात नाही आणि निर्यातीवर बंदी नाही, ही एकच मागणी प्रत्येक ग्रामसभेत ठरावाने मंजूर करावी. कर्जमाफी एकदाची असते, ही लूट दरसालची आहे.

तीन. म्हाताऱ्या बैलाच्या विक्रीचा हक्क परत मिळावा, नाहीतर सरकारने तो बैल रास्त किमतीत विकत घ्यावा.

चार. मायबहिणींची नावे सातबाऱ्यावर लावा. १९८६ च्या चांदवडच्या अधिवेशनानंतर लक्ष्मीमुक्तीचे काम शेकडो गावांनी केले होते. महिन्याचे दीड हजार देऊन बहीण लाडकी होत असेल, तर तिला जमिनीत वाटा देणारा भाऊ त्याहून मोठा. आणि तीच बहीण गावात ठराव करील की कर्ज काढून मांडव घालायचा नाही, तर तो ठराव टिकेल.

पाच. मत मागायला येईल त्याच्याकडून आश्वासन लेखी घ्यावे. खर्च कोणत्या रीतीने मोजणार, हा एकच प्रश्न विचारावा. झेंड्याचा रंग विचारू नये.

लोकांचा भ्रमनिरास झाला म्हणून आम्ही दुःखी नाही. भ्रम होता, तो गेला. आता हिशेब उरला आहे, आणि हिशेबात आमचे येणे निघते. ते मागताना मान खाली घालायचे कारण नाही.

भीक नको, हवे घामाचे दाम!